एका ओळीची खिडकी

बुधवार, १२ फेब्रुवारी
मधली सुट्टी, शिक्षकांची खोली

दादा,

तीर्थरूप लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसतं दादा. ओळी मुद्दाम लांब लांब सोडल्यात. पाकिटातून पुठ्ठा पडेल, तो फेकू नकोस. आणि हे पत्र वहिनीकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश, पण तूच वाच.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच.

पाचवीचं इंग्रजी यंदाही माझ्याकडे आहे. बत्तीस मुलं, बत्तीस तऱ्हा. एकीला ऐकून सगळं समजतं, लिहायला सांगितलं की रडते. एक जण धडा घडाघडा वाचतो आणि अर्थ विचारला की छताकडे बघतो. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवून चालत नाही. रोज घरी येताना वाटतं, आज कुणाचं तरी नुकसान केलं आपण.

एका मुलीला सगळे पुटपुटी म्हणतात. वाचताना तिच्या ओळी एकमेकींत शिरतात. "बाई, अक्षरं जागेवर बसतच नाहीत." गेल्या आठवड्यात मी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून तिला दिली. पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकी झाकलेलं. तिने अख्खा परिच्छेद वाचला. अडखळत, पण वाचला. मग वर बघून म्हणाली, "बाई, ही चीटिंग नाही ना?"

मी तिच्या हातातला पुठ्ठा घेऊन बघत बसले.

असा पुठ्ठा मी कुठे पाहिला होता, ते तुला ठाऊक आहे. बुटांच्या खोक्याचं झाकण, तू ब्लेडने कापलेलं, बाबांच्या नकळत वापरलेलं. जेवणाच्या टेबलावर बाबांची शाळा भरायची. तू नऊचा, मी सहाची. महिनाभर तुझं वाचन सुधारत होतं. मग एका सकाळी बाबांनी तुझ्या पुस्तकातून ते झाकण ओढून काढलं, फाडलं. "कुबड्या घेऊन वाचायचं नसतं." त्यानंतर तू पुस्तक उघडलं नाहीस. पुढे सुतारकाम धरलंस.

झाकणाचं बाबांना आईने सांगितलं असं तू आजवर धरून चाललायस. बाबा गेले तरी तिच्याशी कामापुरतंच बोलतोस.

आईने नाही सांगितलं. मी सांगितलं. खरं बोलावं म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावलं. तेही खोटं. आदल्या दिवशी बाबांनी तुला शाबासकी दिली होती, मला नाही.

परवा आईला विचारलं, तू गप्प का राहिलीस? भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हा दोघांचं तरी बोलणं राहावं म्हणून."

पुटपुटीला मी म्हटलं, "नाही गं. चष्मा लावणं चीटिंग असतं का?" तुला हे तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता आणखी सहा जणांना खिडकी हवीय. परीक्षेतही वापरू द्यायला मुख्याध्यापिका कबूल झाल्यात. पण पुठ्ठे हाताच्या घामाने आठ दिवसांत मऊ पडतात. पातळ लाकडाच्या करून देशील? माप तुला माझ्याहून चांगलं ठाऊक. नाही म्हणालास तरी चालेल.

आईला मात्र फोन कर. माझ्याशी मग बोल, नाहीतर बोलू नकोस.

तुझी,
चहाडी केलेली धाकटी