राखलेला शेंडा

प्रिय आत्या,

आज मी तुझी चुगली केली. तीही थेट फॉरेस्टच्या साहेबांपुढं! तू असतीस तर कोयता घेऊनच माझ्या मागं लागली असतीस. दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले.

तुला माझा ड्रोन कधीच आवडला नाही. भवानीनगरला त्यानं उसावर औषध फवारत होते, तोवर तुझं काही म्हणणं नव्हतं. पण वनखात्याचं काम मिळालं आणि मी तो निरवांगीच्या माळावर आणला, तेव्हा तू लांबूनच ओरडलीस, "आगं ए पोरी, तुझा भुंगा आदी खाली घे! गाभण शेळी बिथारली हाय." मी हसत हसत उतरवला. मग त्याच्याकडं संशयानं बघत तू विचारलंस, "ह्येला वरनं समदं दिसतं व्हय?" मी म्हटलं, झाडांची तब्येत दिसते. धडधाकट झाड नकाशात हिरवं येतं, खंगलेलं लाल. त्यावर तू एकदम गप्प झालीस. का गप्प झालीस ते आज कळलं गं!

मग शेळ्या बिथरू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात लांबच्या सडकेवरूनच मी तो माळ वरून टिपत गेले. पहिल्या वर्षी लाल ठिपके लांब तळ्याच्या अंगाला होते. पुढच्या वर्षी ओढ्यापाशी आले. गेल्या उन्हाळ्यात तर थेट आपल्या वस्तीच्या हद्दीला भिडले. बाभळींना रोग लागलाय आणि तो वस्तीकडं सरकतोय, असा सगळ्यांचा समज झाला. माझाही. लागलेली झाडं तोडून जाळायची, म्हणजे बाकीची वाचतील, असं ठरलं. नकाशावरच विसंबून खोडांवर खुणासुद्धा झाल्या.

मग संक्रांत झाली आणि तू गेलीस.

आता यंदाचा नकाशा आलाय. सगळा हिरवागार! एकही लाल ठिपका नाही. साहेबांना काही ते पटेना. "रोग असा आपोआप जात नसतो. दबा धरून बसला असेल. खुणा केलेली झाडं या आठवड्यात काढून टाकू," म्हणाले. मलाही कोडं सुटेना. म्हणून जुने फोटो काढले आणि एकेक लाल बाभूळ मोठी करून बघितली. प्रत्येकीच्या मधोमध हिरवा झुबका! अगं, असा रोग शेंड्याकडून खाली येतो. इथं चारी बाजू बोडक्या आणि शेंडा तेवढा जिवंत. हे रोगाचं काम नव्हतं, कोयत्याचं होतं.

आठवतं का तुला? भावकीनं मेंढरं विकली, तू मात्र शेळ्या सोडल्या नाहीस. उन्हाळ्यात माळावर गवताची काडी राहायची नाही, मग तू आकडीनं, त्या लांब काठीला बांधलेल्या कोयत्यानं, बाभळीचा पाला पाडायचीस. वरचा झुबका सोडायचीस. मी हट्ट धरायची, तोपण पाड ना! "न्हाय. शेंडा बिरोबाचा. त्यो राखला की झाड पुन्यांदा उठतंय." त्या वयात मला तुझा राग यायचा. एवढा हिरवा पाला, आणि देवाला कशाला?

साहेबांना हे सगळं सांगितलं. सरकारी रानातला पाला पाडू नये, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण बाभळींच्या जिवावर बेतलं होतं, मी काय करणार? त्यांनी स्वतः एकेक फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "आता केस कुणावर करू, तुम्हीच सांगा." आणि तोडणी थांबवली. तुझ्या बाभळी वाचल्या, आत्या!

मी उठणार, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "पण मग ठिपके दर वर्षी वस्तीकडं का सरकत गेले?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.

खोटारडे! फोनवर तब्येत विचारली की, "मला काय धाड भरलीया?" हे ठरलेलं. वर आणि, "आज तळ्याच्या अंगाला न्हेली व्हती शेरडं." कुठलं तळं गं? तळं तर तुझ्यानं केव्हाच होईनासं झालं होतं. मग ओढाही होईना. गुडघे गेले होते तुझे, आणि मी त्याला बाभळींचा रोग म्हणत होते.

गेल्या वर्षीच्या नकाशात अगदी कडेला आपलं दार येतं. तिथंही एक लाल ठिपका आहे. दारचा लिंब! शेळ्यांची दुपारची सावली म्हणून त्याची डहाळी तू कुणाला तोडू दिली नाहीस. तूच त्याला कोयता लावलास? अंगणाबाहेरसुद्धा जाववत नव्हतं का? एक शब्द टाकला असतास तर मी नसते का आले धावत? त्याचाही शेंडा मात्र तू राखलास.

एरवी नकाशात लाल नको वाटायचं. आज हा हिरवा नकाशा बघवत नाही.

तुझ्या शेळ्या आता माझ्याकडं आहेत. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं खातात, पण तोंडं वाकडी करून. बाभळीची सवय लावून ठेवलीस ना! दारचा लिंब चांगला फुटलाय, त्याला कोयता लागू देणार नाही. आणि आणखी एक शब्द देते. यापुढं नकाशात कुठंही लाल दिसलं, की रोग म्हणण्याआधी तिथं पायी जाईन. झाड तर बघेनच. पण आधी जवळच्या घरात डोकावून विचारेन, इथं कुणाचे गुडघे दुखतायत का?

तुझी चुगलखोर भाची,
शालन