चपटी परत आली

३ मे, शनि.
रत्नागिरीहून फोन. कोळंबीचं बीज तयार करतात तिथून. घेतलं मला! राहायला खोली, समुद्र पायी जाण्याइतका जवळ. १६ तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. इथे नागपुरात, वाडी भागातल्या आमच्या गोदामात ट्रकच्या गोंगाटात नुसतं "हो सर, हो सर" करत होते. मत्स्यविज्ञान शिकून मी काय करते, तर माशांच्या खाद्याची पोती कुठल्या ट्रकमध्ये चढली ते संगणकात भरते.
यापुढे इथे नुसतं 'र.' लिहीन. बाबांना सगळं वाचायची सवय आहे, चिवड्याच्या पुडीचा कागदसुद्धा.
येताना गप्पी मासे आणले. कूलरच्या टाकीत सोडले, डासांनी जीव नकोसा केलाय. बाबा वाकून बघत होते. "याहीले खायले काय देऊ?" म्हटलं काही नको, डासांच्या अळ्या खातात. "रोज तेच?"

४ मे, रवि.
राहुलदादाने सगळ्यांना सिनेमाला नेलं. तो, वहिनी आणि त्यांची छोटी पिहू बेशाच्या त्यांच्या घरून कारने आले, मला आणि बाबांना नंदनवनच्या घरून उचललं. 'चपटी' या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग.
पहिला भाग बारावीत असताना आईबरोबर पाहिला होता. दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेली मासोळी, खाडीतले सगळे तिला चिडवतात, आणि एक दिवस ती खोल समुद्रात निघून जाते. बाहेर पडताना आईने विचारलं, "तू बी जाशीन का वं अशी?" मी हो म्हटलं. तिने पदराने नाक पुसलं. "जाय मंग." माझ्या शिक्षणाची सगळी कथा एवढीच. आता आई जाऊन दोन वर्षं होतील.
भाग दोन: ठीक. पाणी सुरेख केलंय, वरून ऊन खाली उतरतं ते तर फारच. अष्टपाद म्हातारी बघून हसू आलं. पण गोष्ट काय, तर चपटीला घरची आठवण येते, आजोबा आजारी, ती परत खाडीत येते, सगळे नाचतात. संपलं. मध्यंतरानंतर मी जांभया मोजत होते. शिवाय चपटीचं बालपण दाखवलं त्यात तिचे डोळे जन्मापासूनच एका बाजूला! ते मासे लहानपणी चांगले सरळ असतात. एक डोळा हळूहळू सरकत पलीकडे जातो. तीच तर खरी गोष्ट होती.
बाबा अर्धा वेळ झोपले होते. शेवटी जागे झाले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "पाह्यलं? शेवटी आपलं घरच." माझ्याकडे बघून म्हणाला असं वाटलं. त्याला अजून काही माहीत नाही, तरी.

६ मे, मंगळ.
वाईट नव्हता सिनेमा, हेच जास्त लागतंय. वाईट असता तर विसरले असते.
बाबा शेजारच्या काकूंना गोष्ट सांगत होते, "मासोळी घरी आली ना वापस!" काकूंनी दोनदा ऐकून घेतली.
बाबांसमोर र. चा विषय काढायचा म्हणून तीन वेळा चहा केला. नुसताच प्यायलो.

८ मे, गुरु.
दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अन् बाबाले कोण पाहीन?" मी म्हटलं, तू. "बेशाले येते का तो? पायरी नाही सोडत घराची." हे खरं आहे. "आमच्याकडे दोघं नोकरीवर. दिवसभर कुलूप." हेही खरं आहे. सगळ्यांचं सगळं खरं असतं आणि मी मध्ये.
बाहेर भट्टी. बाबांचा चेहरा लाल दिसतो. विचारलं तर "ऊन हाय ना बाहेर."

१० मे, शनि.
दुपारी काकूंचा फोन गोदामात. बाबा पडले. ऊन लागलं. मी पोचेपर्यंत दादा दवाखान्यात होता, सलाईन सुरू होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.
घरात बसून ऊन कसं लागतं? कूलर तर

(नंतर) कळलं. मी मासे आणल्यापासून बाबांनी दिवसा कूलर लावलाच नाही. पंपात मासोळ्या ओढल्या जातील म्हणून. मी कामावर गेले की बंद, सहा वाजता माझ्या गाडीचा आवाज आला की सुरू. "तू घरी होतीस, कूलर सुरू, तवा जीव मुठीत धरून बसत होतो." नागपूरच्या मे महिन्यात! मासोळ्यांसाठी! मला इतका राग आला की दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.
दादा बाहेर उभा होता. "पाह्यलं? एकटा राहू शकते का हा माणूस?"
मी आत जाऊन सलाईन संपत आली का ते पाहिलं.

११ मे, रवि.
बाबा घरी. आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा पंपाला गुंडाळून बांधला. आता पाणी आत जातं, मासा जात नाही. दोन मिनिटांचं काम. मासे सोडले त्याच दिवशी करायला हवं होतं, शिकलेली मी ना!

१२ मे, सोम.
बुद्धपौर्णिमा. विहारातून येऊन खीर केली. दादा-वहिनी आले. वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मी तं म्हणतो, जा तुम्ही." आणि लगेच, "पण यांच्यासमोर मी असं नाही म्हटलं हं." चांगली आहे ती. उपयोग नाही.
दादाने ठरवूनच टाकलंय. नागपुरातच बघ काहीतरी, पुढच्या वर्षी बघू, तेवढ्यात एखादं स्थळही. पिहू सिनेमातलं घरी परत यायचं गाणं म्हणत घरभर नाचत होती. तिला उचलून गच्चीवर नेऊन ठेवावंसं वाटलं.

१४ मे, बुध.
गोदामात बसून नकाराचं वाक्य तयार केलं. 'घरगुती अडचणीमुळे.' चांगलं गुळगुळीत झालंय. पाठवलं नाही.

१५ मे, गुरु.
संध्याकाळी बाबा कूलरसमोर बसले होते, मी भाजी निवडत होते. एकदम म्हणाले, "तो पिक्चर तुले आवडला होता का वं?"
"ठीक होता."
"मले नाही आवडला. इतकी दूर गेली, अन् वापस कशाले आली?"
मी म्हटलं, बाबा, टाळ्या तर तुम्हीच वाजवल्या.
"राहुलनं हौसेनं नेलं होतं. वाजवा लागते."
मग, "तिकडे कूलर लागते का?"
र. चं त्यांना दादाने सांगितलं असेल. किंवा वहिनीने. मी म्हटलं, नाही लागत, तिकडे हवाच ओली असते. "बरं," म्हणाले. आणि उठायला गेले तर एका दमात उठता आलं नाही. कूलरचा स्टँड धरला. मी पाहिलं. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.
उद्या १६. र. चा नंबर काढून बसले आहे. फोन लावला की काय बोलणार ते खरंच माहीत नाही.
बाबा आतून विचारतायत, टाकीतलं पाणी बदलताना मासोळ्या कशात काढून ठेवायच्या. मी म्हटलं, मी आहे ना, मी काढीन. "तू नसली तं?" म्हणाले.
कशात काढायच्या ते मी त्यांना अजून सांगितलं नाही.