बटणांची बरणी जागची हलवू नये

लिहून ठेवतो की, मी, घरात आणि गावात भिंगरी म्हणून ओळखला जाणारा, वय सव्वीस, धंदा पाण्यात उतरून जहाजांची बुडं खरवडण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. "लवकर आटप" असे मुकादम दोनदा म्हणाला, तेवढा दबाव धरू नये. तब्येत ठणठणीत आहे, मरायचा विचार नाही. पण उद्यापासून आमची टोळी बंदराबाहेर, जिथे पाण्याला फार ओढ आहे तिथे उतरणार आहे. मागे तिथे एकाची हवेची नळी जहाजाखाली अडकली होती. तो सुखरूप वर आला, पण तोवर त्याचे नवे बूट कोणी घ्यायचे यावरून खोलीत दोघांची जुंपली होती. तेव्हापासून मुकादमाचा नियम झाला, आधी कागद, मग पाणी.

शाळा मी सातवीत सोडली. कायद्याचे शब्द शेजारच्या खोलीतल्या वेल्डर काकांनी सांगितले आहेत. त्यांच्या घरात वाटणीवरून इतके कागद झाले की वकील त्यांच्याकडे उठून चहाला यायचा. तरी चुका असतील त्या माझ्या.

कलम १. वडिलांमागे घराचा जो हिस्सा माझ्या नावे लागला तो ताईला द्यावा. आईने हयातभर तिथेच राहावे, आणि खिडकीजवळची जागा तिचीच राहील. तिला मागच्या खोलीत कोणी सरकवू नये. हे दाजींसाठी लिहिले आहे. मी तिसरी नोकरी सोडून घरी आलो तेव्हा ते म्हणाले होते, "ज्याचा पाय ठरत नाही त्याला भिंती कशाला?" बरोबर बोलले. भिंती ताईला. दाजींनी त्यांना पाठ टेकून निवांत बसावे, एवढेच की बसताना मी आठवावा.

कलम २. बँकेत जे असेल ते आईला. तिने ते जपून ठेवू नये, खर्च करावे. आई फोनवर पहिला प्रश्न विचारते, "जेवलास का?" एकदा माझ्या तोंडून निघून गेले, "नाही गं, आजपण तोंड लावलं नाही त्यानं." ती म्हणाली, "मी तुला विचारतेय रे. कोण तो?" तेव्हा सांगावे लागले की खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात जेवायला त्रास देणारा एक मासा आहे. आई पोट धरून हसली. मग म्हणाली, "आता कळलं ना, मी घास घेऊन तुझ्यामागे किती धावले ते?" कळले, आई. आता मागे कोणी धावत नाही, तर वाढून घेतलेल्या ताटाकडे मीच बघत बसतो.

कलम ३. खरवडायची हत्यारे टोळीची टोळीला. पाण्यातला चष्मा जो नवा येईल त्याला. त्याचा पट्टा डावीकडे ढिला आहे, गाठ मारून घ्यावी. घडीची खुर्ची वेल्डर काकांना, ते असेही तिच्यावरून उठत नाहीत.

कलम ४. नाक्यावरच्या मासेविक्याला, ज्याने "काहीही खातो हो हा" असे तोंड भरून सांगून मला मँडरिन मासा विकला, त्याच्याचकडून घेतलेला कोरड्या खाण्याचा डबा परत द्यावा. डबा भरलेला आहे. सील तेवढे फोडले आहे.

कलम ५. मासा.

हे कलम सावकाश वाचावे.

मासा बोटाएवढा आहे. निळ्या अंगावर नारिंगी वळणे, जणू ओल्या रंगातून कोणी बोट फिरवले. तो फारसा पोहत नाही, दगडांवरून टुणटुण चालतो. जे जिवंत आहे आणि हलते तेच खातो, आणि तेही विचार करून. खसखशीएवढा जीव दगडावर दिसला तर थांबेल, मान कलती करील, बघेल, मग टोचेल किंवा सोडून देईल. टाकीतले दोन पिवळे मासे खादाड आहेत. हा विचार करतो तोवर त्या दोघांचे जेवण उरकलेले असते. भरल्या टाकीत हा उपाशी मरू शकतो, हे मला विकत घेतल्यावर कळले.

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी राहत होती. ती पहिल्यांदा वर आली ती भांडायला, कारण टाकीचे पाणी झिरपून तिच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर पडले होते. मासा दिसल्यावर भांडण राहिले. म्हणाली, "एवढा नटूनथटून बसलाय आणि ताटाला हात लावत नाही? हा तर रुसलेला जावई." तेव्हापासून त्याचे नाव जावईबापू. ती रोज कामावरून उठली की वर यायची आणि आधी त्याचे पोट बघायची. माझी चौकशी नंतर, तीही झाली तर.

मी जहाजांच्या बुडावरचे शेवाळ खरवडून डब्यातून आणायचो. त्यात बारीक जीव वळवळत असत, जावईबापू ते टिपायचे. मला वाटले, जिंकलो. एकदा नव्याने रंगवलेल्या जहाजाचे शेवाळ आणले आणि त्याबरोबर रंगाची खपली टाकीत गेली. सकाळी दगडावरचा एकही बारीक जीव हलत नव्हता, मासे तेवढे जिवंत होते. वेल्डर काका म्हणाले, "अरे, बुडाला काही धरू नये म्हणूनच तो विषारी रंग लावतात. आणि तू तो जेवणात वाढलास?" त्या बुडावरच मी रोज आठ तास असतो, पण हे सुचले नाही.

शिवणारी तोवर वर आली होती. तिने बादलीत ताजे खारे पाणी घेतले, आपली बटणांची काचेची बरणी मांडीवर उपडी केली, ती धुतली आणि जावईबापूंना लपायला जागा हवी म्हणून बादलीत आडवी ठेवली. ते आत शिरले. मग तिने कोळंबीच्या जातीची, अंड्यातून नुकती फुटलेली पिल्ले नळीने बरणीत सोडली. उघड्या टाकीत ती पसरून जात, बरणीत ती त्यांच्या तोंडासमोरच नाचू लागली. ते बघत राहिले. आम्ही दोघे जमिनीवर पालथे पडून काचेतून बघत होतो, तिच्या केसांत दोरे अडकलेले होते. मग त्यांनी एक टोच मारली. मग दुसरी. ती हळूच म्हणाली, "ज्याला पंगतीत जमत नाही त्याचं पान आत मांडावं."

टाकी सगळी धुऊन पुन्हा लावली तेव्हा बरणी आत गेली, ती तिथेच आहे. सबब, पुढे जो कोणी सांभाळील त्याने हे पाळावे. संध्याकाळी आधी पंप बंद करावा, नाहीतर पिल्ले वाहून जातात. त्या कोळंबीची सुकी अंडी डबीत मिळतात, ती आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात घालून हवा सोडावी, दुसऱ्या दिवशी पाण्यात केशरी धुरळा दिसतो, तीच पिल्ले. कापडातून गाळून बरणीत सोडावीत. बरणीचे तोंड मागच्या भिंतीकडे असावे, म्हणजे पिवळ्यांना सुगावा लागत नाही. जावईबापू वेळेवर येऊन उंबऱ्यावर बसल्यासारखे बसतात. बरणी जागची हलवू नये. हलली की ते दिवसभर शोधत फिरतात आणि जेवत नाहीत.

तिच्या आईचे हाड मोडले म्हणून ती गावी गेली. मी बसपर्यंत मशीन उचलून नेले. खिडकीतून तिने विचारले, "काही सांगायचंय?" मी म्हणालो, "जावईबापूंची काळजी करू नकोस." ती म्हणाली, "बरं, नाही करत." बस गेली. आता फोन होतो तो माशापुरता. खाल्लं का, खाल्लं. पोट भरलेलं दिसतं का, दिसतं. मग तिच्याकडचा पंखा ऐकू येतो.

मी एका जागी वर्षभर कधी टिकलो नव्हतो. इथे तिसरे चालू आहे. मुकादमाला वाटते मी सुधारलो. खरे कारण त्याला कोणी सांगू नये.

सबब मासा, टाकी, दगड, पंप आणि बरणी हे सर्व मी तिला देतो, दुसऱ्या कोणाचा त्यावर हक्क नाही. अट एकच. मासा पाठवता येत नाही, वाटेत मरेल. घेणाऱ्याने इथे यावे लागेल आणि राहावे लागेल. खालची खोली रिकामी आहे. घरमालकाने तिथे सिमेंटची पोती ठेवलीत, ती मी उचलून देईन म्हणून त्याला सांगितले आहे. खिडकीजवळ मशीन बसते, मी मापून पाहिले.

वरची चारही कलमे मी मेल्यावर वाचावीत. पाचव्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. ते वेल्डर काकांनी आजच तिला फोनवर वाचून दाखवावे. मला वाचता येणार नाही. वाचता येते, पण येणार नाही.

स्थळ: बंदरामागची खोली, तिसरा मजला
तारीख: महिन्याचा शेवटचा रविवार, जावईबापूंचे जेवण झाल्यावर

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: वेल्डर, शेजारची खोली
साक्षीदार दुसरा: टोळीचा स्वयंपाकी (अंगठा)

पहिल्या साक्षीदाराची पुरवणी: सांगितल्याप्रमाणे पाचवे कलम तिला फोनवर वाचून दाखवले. हा तोवर जिन्यात जाऊन उभा होता. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाली, "काका, हे कलम मला मान्य नाही. बरणी माझीच आहे. माझी वस्तू तो मलाच कशी देतो?" मी म्हटले, मुद्दा बिनतोड आहे, मग काय लिहू? ती म्हणाली, "लिहा, ती घ्यायला मी येणार आहे, आणि ती हातात द्यायला त्यानं स्वतः हजर राहायचं. पाण्यातून वर येऊन." आणि म्हणाली, "तोवर म्हणावं, हलवू नकोस." तसे लिहिले. सही केली.