कपाटावरचे बाबा

प्रिय दादा,

लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. आधी पेन सापडेना, सापडलं तर तुझ्या ठकीबरोबर गाडी-गाडी खेळत बसलो. मी कसा आहे ते तुला माहीतच आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

हॉलमधला कॅमेरा बिघडलेला नाही. मीच त्याची वायर काढली. वहिनीलाही खोटं सांगितलं.

तू कामाच्या गावाहून त्या कॅमेऱ्यातून ठकीला बघतोस, "नीट बस, दूध संपव" म्हणतोस. तिला मात्र तू दिसत नाहीस. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुझे बाबा कुठे असतात गं?" तिने कपाटावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तिथे. अंधारात लाल होतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच रात्री वायर काढली.

वाटलं, आवाज बंद झाला की ती खऱ्या बाबाची चौकशी करेल. कसलं काय. रोज कपाटाखाली खुर्ची ओढून बसते आणि दूध संपवून रिकामा पेला वर धरते. वहिनी ड्यूटीवर असते. मी इतकी गावं हिंडलो, पण त्या खुर्चीशेजारी बसून वाटतं तेवढं एकटं कुठेच वाटलं नाही. एकदा येऊन जा रे.

तुझा,
उंडगा

ता. क. दार लोटलेलंच होतं, आणि आत्ता तूच आत आलायस. दाढी वाढलीय. कॅमेरा इतके दिवस बंद दिसला म्हणून घाबरून निघालास वाटतं. तू बूट काढतोयस आणि ठकी माझ्या पाठीमागून परक्या माणसाकडे बघावं तशी बघतेय. काहीतरी बोल दादा. आवाजावरून ओळखेल ती.