चौदाव्या निरोपाबाबत

दिनांक : १६ जून २००८

प्रति,
मा. परवाना अधिकारी (नभोवाणी),
प्रांत कार्यालय.

विषय : रेडिओ केत्रेनवरून रोज दुपारी लागणारे चौदा वर्षांपूर्वीचे निरोप बंद करून त्या जागी चालू निरोपांसाठी दहा मिनिटे मिळणेबाबत.

संदर्भ : याच निरोपांबद्दल सान्तियागो मुख्यालयाकडून मला आलेले अभिनंदनाचे पत्र.

महोदया,

१. मी, एव्हारिस्तो मान्सिया, वय सदुसष्ट, राहणार वरची वाडी, केत्रेन बेट, रेडिओ केत्रेनवर अठ्ठावीस वर्षे निवेदक होतो. गेल्या मार्चमध्ये आमचे केंद्र, आसपासच्या सहा खासगी केंद्रांसह, सान्तियागोच्या राष्ट्रीय जाळ्यात विलीन झाले. तेव्हापासून मी 'स्थानिक समन्वयक' या पदावर आहे. यंत्राला दमट हवा लागू नये म्हणून खोलीतली शेगडी पेटती ठेवणे आणि मनोऱ्यावरचे समुद्रपक्षी हाकलणे, हे माझे काम. दोन्ही मला बऱ्यापैकी जमते. सान्तियागोची निवेदिका रोज सकाळी छान ऊन पडल्याचे सांगते, आम्ही खिडकीतून पाऊस बघत ते ऐकून घेतो. त्याबद्दल तक्रार नाही.

२. तक्रार निरोपांची आहे. आमच्या बेटावर मोबाइल फक्त चर्चच्या टेकडीवर लागतो, तोही लहर आली तर. त्यामुळे कोण आजारी, कोण लाँचने येतेय, कोणाचे डुक्कर हरवले, हे सगळे दुपारी बारा चाळीसला मी वाचायचो आणि बेटावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते ऐकले जायचे. मी सांगितले की माणसे निघायची. बायकोने सांगितले तर निघत नसत.

३. विलीनीकरणाच्या वेळी मुख्यालयाने 'स्थानिक रंगाचा नमुना' मागवला. मी फुशारून गेलो. १९९४ सालची, माझा आवाज ऐन भरात असतानाची, सोळा निरोपांची फीत निवडून पाठवली. ती आता 'आपली मुळे' या नावाने रोज बारा चाळीसला लागते. निरोपात तारीख नसते, नुसते 'गुरुवारी' असते. आवाज माझाच. तेव्हा पुढे जे घडले त्याचे मूळ, महोदया, माझ्या फुशारकीत आहे.

४. तिसऱ्या निरोपावरून रुदेसिंदो चिगुआय हे गृहस्थ भावाच्या लग्नासाठी डुकराचे पिल्लू काखेत मारून अडीच तास चालत खाली आले. त्या लग्नातले नवराबायको आता एकमेकांशी बोलत नाहीत, पण पिल्लू ठेवून घ्यायचे यावर त्यांचे लगेच एकमत झाले. नवव्या निरोपात फिलोमेना ओयार्सो यांच्या आईची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. आई सत्त्याण्णव साली वारली. फिलोमेनाबाई हातातल्या पळीसकट माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "अहो एव्हारिस्तो, एकदा पुरली तिला. आता परत कशाला बरी करताय?" अठ्ठावीस वर्षे बोलण्याचा पगार घेतलेला माणूस मी, पळीकडे बघत उभा राहिलो.

५. हे सर्व मी मुख्यालयास कळवले. श्रोते कार्यक्रम ऐकून घराबाहेर पडतात, असा जिवंत प्रतिसाद देशात कुठेच नाही, म्हणून त्यांनी माझे अभिनंदन केले आणि फीत आता रविवारीही लावतात. उलट, मे महिन्यात लसीकरणाची लाँच खरोखरच दोन दिवस पुढे ढकलली गेली, तेव्हा ते सांगायला जागा नव्हती. सव्वीस बाया तान्ही पोरे घेऊन पावसात धक्क्यावर उभ्या राहिल्या. मी शेगडी सांभाळत होतो.

६. आता चौदावा निरोप. लिहायची लाज वाटते, पण अर्ज अर्धवट नको. तो असा आहे : 'वरच्या वाडीतील एव्हारिस्तो मान्सिया यांस, एदुविनाकडून. गुरुवारच्या लाँचने येते. शिवणयंत्र बरोबर आहे. बैलगाडी घेऊन धक्क्यावर या.' एदुविना बार्रिया ही माझी पत्नी. चौदा वर्षांपूर्वी बहिणीकडून परत येताना तिने तो केंद्रावर कळवला, आमच्या कारकुनाने टाइप केला आणि मी, डुक्करविक्री आणि प्रार्थनासभा यांच्या मधोमध, स्वतःचे नाव स्पष्ट उच्चारून, तो वाचला. वाचला म्हणजे वाचलाच फक्त. पुढचा कागद घेतला. गुरुवारी घरी बटाटे उकडत बसलो. साऱ्या बेटाला ठाऊक होते की तिला आणायला मी जाणार, म्हणून दुसरे कोणी गेले नाही. चार तास धक्क्यावर थांबून ती यंत्र उचलून चालत घरी आली. दारात उभी राहून म्हणाली, "घरात सांगितलेलं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून रेडिओवर सांगितलं. तुम्ही ते अख्ख्या बेटाला वाचून दाखवलंत, स्वतः मात्र ऐकलं नाहीत!" पुढे आठ वर्षे, दर लग्नात, दर बारशात, हा किस्सा तिने सांगितला. दर वेळी माझ्या आवाजाची नक्कल करून. नक्कल उत्तम असे. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

७. मार्चपासून हा निरोप मी रोज ऐकतो. तो जुना आहे, हे बेटावर सर्वांत चांगले मला माहीत. तरीही गेल्या गुरुवारी, १२ जून रोजी, मी शेजाऱ्याचे बैल मागून आणले, गाडी जुंपली आणि धक्क्यावर गेलो. रुदेसिंदो तिथे होते. एरवी माझी खेचायची संधी ते सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बैलांचे कासरे धरले आणि लाँच रिकामी होऊन परत जाईपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. मी वेडा झालेलो नाही. मला फक्त एकदा वेळेवर पोचायचे होते.

८. तरी विनंती की, ही फीत बंद व्हावी आणि रोज बारा चाळीसला दहा मिनिटे खऱ्या निरोपांसाठी मिळावीत. ते वाचायला मीच हवा असे नाही. फिलोमेनाबाईंचा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो. दहा मिनिटे देणे नियमात बसत नसेल, तर निदान एका दिवशी अर्धे मिनिट मला मिळावे. मजकूर सोबत जोडला आहे. त्यात एकही शब्द वाढवणार नाही, आणि या खेपेस वाचताना ऐकेनही.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,

(सही)
एव्हारिस्तो मान्सिया
स्थानिक समन्वयक, शेगडी व पक्षी

सोबत :
१) चौदाव्या निरोपाचा मूळ टाइप केलेला कागद. (पाहून कृपया परत करावा.)
२) अर्ध्या मिनिटाचा मजकूर : 'एदुविना बार्रिया यांस, एव्हारिस्तोकडून. निरोप पोचला. गाडी घेऊन धक्क्यावर आलो होतो.'