मक्यात सापडलेली

मामा, आज सकाळी पिंजऱ्यामागच्या खोलीचं दार उघडलं, तर बिबट्याची मादी परत माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हिचं रोजचं तेच. पावलं वाजली की कान उभे करते, जाळीपाशी येते, आणि मी एकटाच आलोय हे कळलं की तोंड फिरवून भिंतीशी बसते. मागं वळून बघायची हिंमत मला अजून झालेली नाही. आणि असा हा शूर माणूस नव्या कीपरना शिकवतो, की जनावरासमोर डगमगायचं नाही! हसाल तुम्ही. हसा.

प्राणिसंग्रहालयात तुमच्या हाताखाली लागलो तेव्हा मला जनावरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आमचं घर कारकुनांचं. कायमची नोकरी म्हणून वडिलांनी ढकललं, आणि पहिल्याच दिवशी मांसाची पाटी बघून मी ओकलो. तुम्ही सोयगावकडचे, मेंढरांमागं वाढलेले. पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणालात, "व्हतंय असं. म्या बी पयल्यांदा लिफ्टमधी चढलो तवा वरडलो व्हतो." त्या दिवसापासून तुम्ही माझे मामा. तुमची एक रीत होती. पिंजऱ्यात शिरायच्या आधी एकानं कड्या बघायच्या आणि मोठ्यानं बोलून दाखवायचं, "मागची लागली, मधली लागली." मगच दुसऱ्यानं आत पाऊल टाकायचं. एकदा मी नुसतीच मान हलवली, तर तुम्ही बादली आपटलीत. "मुंडी काय हलवायलास? तोंडानं बोल. तुज्या बोलण्यावर माजा जीव हाय." आणि मी बोललो, की तुम्ही स्वतः कधी कडी तपासली नाहीत. सरळ आत जायचात. मला तेव्हा त्याची लई ऐट वाटायची.

मग सिल्लोडकडचा तो फोन. मक्याची कापणी चालू होती आणि दोन ओळींमधल्या तासात बिबट्याचं एक पिल्लू सापडलं होतं. वन खात्याच्या गाडीतून आपण दोघं गेलो. एका बाईनं पिल्लू टोपलीखाली झाकून ठेवलं होतं, बाकी सगळं गाव बांधावर. वनरक्षक बिचारा नवीन, तो तुमच्याच तोंडाकडं बघत होता. दुपार कलताना आपण पिल्लू घेऊन निघालो. मांजराएवढा जीव, तुमच्या सदऱ्याच्या आत. शहरात येईपर्यंत तुम्ही सदऱ्यावरचा हात काढला नाहीत. पुढं शेळीचं दूध, बाटली, कोमट पाण्याची पिशवी. तुम्ही डबा खाताना ती तुमच्या मांडीवर, आणि तुम्ही तिला म्हणायचात, "माजी बाय." ती मोठी झाली ती माणसाचा आवाज आला की धावत येणारी. अशी मादी जंगलात कशी सोडणार? राहिली मग पिंजऱ्यात.

पुढं मला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं पहिल्यांदा ऐकलं, की पिल्लू सापडलं तर उचलून आणायचं नसतं. जिथं सापडलं तिथंच ठेवायचं, माणसं लांब न्यायची, वाट बघायची. आई येते आणि घेऊन जाते. मी प्रमाणपत्र घेऊन आलो ते डोक्यात हवा भरून. आपल्याच सभागृहात, साहेबांसमोर, पडद्यावर आपल्या मादीचा फोटो लावला आणि म्हणालो, "हे माणसाच्या मायेनं वाया गेलेलं जनावर." तुम्ही दुसऱ्या रांगेत होता, टोपी गुडघ्यावर. उठलात. "चुकलंच, सायब. पर म्या तिची आई हाय का बघाया ओढ्याला माणूस धाडला व्हता. त्यो येऊन बोल्ला, नाय म्हून. आई असती तर म्या पिल्लाला हात लावला नसता." कोणाला धाडलं होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही. आणि मी, मामा, पुढचा फोटो लावला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हरणांकडची ड्यूटी मागून घेतलीत. तिला तुमची चाहूल लागू नये म्हणून पाणवठ्यामागून लांबचा फेरा घालायचात. चार दिवस तिनं मांसाला तोंड लावलं नाही. मी तुम्हाला बोलवायला आलो तर म्हणालात, "नगं रं. आता तिची सवय तुटू दे, तूच म्हणलास न्हवं?" तुमचं खरं होतं, मीच म्हणालो होतो. वर्षभरात तुम्ही निवृत्त झालात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तर गेलातच. मातीला आलो होतो मी. तुमच्या बायकोनं मला बघून डोळ्याला पदर लावला. "तुजं लई नाव काढायचे," म्हणाल्या. जीव नकोसा झाला मला.

आता तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. उद्या नव्या कीपरची तुकडी येतेय, जिल्ह्याबाहेरचेही आहेत. सुरुवात मी अजून तिच्याच फोटोनं करतो, आणि सांगतो, एका जुन्या कीपरची चूक. दर वेळी हेच सांगतो. सगळे लिहून घेतात.

हा कागद मी कुठं टाकणार? तुमच्या घरी द्यायची तर माझ्यात धमक नाही. पण तिच्या देखत एकदा लिहून तरी ठेवतो. त्या दुपारी तुम्ही मला ओढ्याला धाडलंत, तेव्हा वळणावर ओल्या चिखलात मोठ्या बिबट्याच्या पावलांचे ठसे होते. इतके ताजे, की त्यांत अजून पाणी झिरपत होतं. पलीकडच्या घाणेरीच्या झुडपांत काहीतरी हललं, आणि मी पळालो. धाप लागली होती, ती दिसू नये म्हणून बांधाशी थांबून तोंड पुसलं. मग तुमच्याकडं आलो आणि मोठ्यानं बोललो, "कुणी नाय, मामा."