एक, दोन, अडीच

मिसिसागा
शुक्रवार, दुपार

प्रिय देवदत्त,

तुझं विमान सास्काटूनहून निघालं आहे, तुझा फोन बंद आहे, आणि उतरल्याबरोबर तू राजसच्या उद्याच्या फायनलच्या मागे लागशील, म्हणून हे लिहिते आहे. नंदू तुला एअरपोर्टवर घ्यायला येईल. तुझा कॉलेजातला मित्र असला तरी आज त्याला मी गप्प बसायला सांगितलं आहे, तेव्हा त्याला खोदून काही विचारू नकोस. गाडीत बस, पट्टा लाव आणि पत्र पहिल्यापासून वाच. कुठलंही पुस्तक शेवटच्या पानावरून सुरू करायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. आज ती नको. फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस, कागदाला तोडता येत नाही.

तुझा राजस माझ्याकडे राहायला आला तेव्हा हातानं खेळायच्या इथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. तुमच्या खाणीच्या गावात टीम नाही, इथल्या क्लबची चांगली आहे, म्हणून तू त्याला पाठवलंस आणि मी बेसमेंट रिकामं करून दिलं. मग मैदानाच्या कडेच्या गार फळ्यांवर बसून बसून मला खेळ कळायला लागला. बाकीचे वाकून उभे असतात, एकच मुलगा त्यांच्यामागे उभा राहून आकडे ओरडतो, ठरलेल्या आकड्याला चेंडू त्याच्या हातात येतो, आणि त्याच क्षणी समोरची धिप्पाड पोरं त्याला आडवं करायला धावून येतात. तेवढ्यात त्यानं चेंडू कुणाकडे टाकायचा ते ठरवायचं. त्या एका मुलाचं डोकं म्हणजे अख्खी टीम. हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. तू ते मला किती वेळा ऐकवलंस.

आमच्या टीमचे आकडे मराठी कसे झाले हे तुला त्यानं सांगितलं असेलच. प्रॅक्टिसला जाताना गाडीत मी त्याच्याकडून अडीचकी म्हणून घ्यायचे, कारण एवढा वाढलेला मुलगा साध्या गुणाकाराला फोन काढतो हे मला बघवत नाही. त्यातून त्यानं आणि ॲरननं ते शोधून काढलं. एक, दोन, अडीच. अडीचला चेंडू. ॲरन म्हणजे टीमचा दुसरा क्वार्टरबॅक, एटोबिकोच्या ज्युलियस आणि शर्लीचा मुलगा. माणसं मूळची वसईची, घरात मराठी, त्यामुळे आकडे त्यालाही येत होते. मग जमैकन, पंजाबी, पोलिश सगळी पोरं ‘अडीच’ ऐकल्याबरोबर उसळायची आणि समोरचे बघत राहायचे. शर्ली म्हणायची, सुनेत्राताई, क्लबकडून फी घे. दोघांतून एक निवडणं कोचला जमत नव्हतं. अर्धा सामना हा खेळायचा, अर्धा तो. ॲरनची फेक लांब, राजसचं डोकं थंड. दोघं एकमेकांना ‘बॅकअप’ म्हणून चिडवायचे आणि सामना संपला की माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एकाच डब्यातले पराठे खायचे.

ऑक्टोबरात ॲरनचा उजवा अंगठा मोडला. तो कधी बरा होणार हे डॉक्टर दर खेपेला वेगळं सांगत होते. फायनलपर्यंत होईल, होणार नाही, कदाचित टेप लावून होईल. आणि त्याच्या पुढच्याच सामन्यात, व्हिटबीला, राजस पडला. एकानं पायाला धरलं, दुसऱ्यानं छातीवर धडक दिली, आणि त्याचं डोकं मैदानावर आपटून पुन्हा वर आलेलं मी पाहिलं. तो उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कॉम्प्युटरवरची ती टेस्ट झाली. तुला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, पण मी लिहिते. सीझनच्या आधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येक मुलाला बसवतात. चित्रं लक्षात ठेवा, आकडे उलटे सांगा. पुढे मार लागला की तीच टेस्ट परत घेऊन दोन्हींचा मेळ घालतात. राजसचा निकाल ऑगस्टसारखाच आला, म्हणजे काही झालेलं नाही असं ठरलं. कोचचा जीव भांड्यात पडला. एकाचा अंगठा धड नाही, दुसऱ्याला काही झालेलं नाही. निवड आपोआप झाली.

माझ्या घरात मात्र दूध कपाटात सापडायला लागलं. बेसमेंटचा दिवा लावला की राजस भिंतीकडे तोंड करून ओरडायचा. मी त्याला वॉक-इन क्लिनिकमध्ये नेलं, तर त्यानं टेस्टचा निकाल डॉक्टरसमोर धरला आणि डॉक्टरनं तो माझ्या बोलण्यापेक्षा खरा मानला. तुला फोन केला. तू म्हणालास, ताई, पोळी करपली तरी तू नाइन-वन-वन लावशील. तिकडच्या युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी पोरं निवडणारा माणूस फायनलला त्याला बघायला येतोय, तोवर त्याच्या डोक्यात काही भरवू नकोस. फोनवर तुझ्या मागून अनुया विचारत होती, माझ्या राजसला काय झालं. तिला तू सांगितलंस की ताई हवापाण्याबद्दल बोलते आहे.

सेमीफायनलला मी नेहमीच्या फळीवर होते, शेजारी शर्ली. राजस उभा राहिला आणि ओरडला, एक, अडीच. मधला दोन नाही. निम्मी पोरं पुढे झेपावली, निम्मी तशीच वाकलेली राहिली, पंचानं फाउलचा रुमाल टाकला. कोच पुढे झेपावलेल्या पोरांवर तुटून पडला. झोपा काढता काय, वगैरे. ती पोरं बिचारी राजसकडे बघत होती. पुढच्या खेपेला तो म्हणाला, दोन, एक, आणि थांबला. तसाच उभा राहिला, रस्ता ओलांडताना कुठे जायचं ते विसरलेल्या माणसासारखा. त्या सगळ्या मैदानात मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. मी, शर्ली, आणि बाकावर अंगठ्याला पट्टी लावून बसलेला ॲरन. मी शर्लीकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली. नंतर पार्किंगमध्ये तिनं माझा हात धरला. म्हणाली, ताई, मी ऐकलं गं. पण मी तोंड उघडलं तर सगळे म्हणतील पोराला जागा मिळावी म्हणून बोलते. तिचं खरं होतं. आम्ही जिंकलो कसे, मला माहीत नाही. दुसऱ्या टीमचीच दोन पोरं घसरली.

या मंगळवारी पहिला बर्फ पडला. मी राजसला ड्राइव्हवे शोव्हल करायला सांगितलं. थोड्या वेळानं तो आत आला, बूट झटकले आणि म्हणाला, डन, आत्या. मी खिडकीतून पाहिलं. उजवी बाजू काळीभोर, स्वच्छ, कडेपर्यंत. डाव्या बाजूला फावडं लागलेलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, आणि ती बाजू? तो खिडकीशी आला, पाहिलं आणि म्हणाला, व्हॉट साइड? थट्टा करत नव्हता तो, देवदत्त. मला त्याची थट्टा ओळखता येते.

कोचला जाऊन भेटले. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, मॅम, ही पास्ड द टेस्ट, आणि वडिलांनी होकार कळवला आहे. मी कोण, तर आत्या. आत्याच्या सहीला इथे किंमत नाही.

आज सकाळी राजस स्वयंपाकघरात आला. पुढ्यातलं ऑम्लेट त्यानं उजवीकडचं तेवढं खाल्लं आणि ताटली सरकवली. मी त्याला सरळ विचारलं की ऑगस्टमध्ये तू ती टेस्ट कशी दिलीस. तो खाली मान घालून म्हणाला, बाबा सेड गो स्लो. एव्हरीबडी डझ इट. मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे मार लागला तरी निकालात फरक दिसणार नाही. पहिलीपासून त्याच्या प्रत्येक परीक्षेला तू त्याच्या मानगुटीवर बसलास. अर्धा मार्क गेला तर दोन दिवस बोलायचा नाहीस. आणि आयुष्यात एकदाच तू त्याला कमी मार्क पाडायला शिकवलंस. तेही त्यानं शहाण्या मुलासारखं नीट केलं.

हॉस्पिटलचं नाव काढताच तो बिथरला. उद्यानंतर, म्हणाला. मी वाद घातला नाही. त्याचं हेल्मेट, पॅड, जर्सी उचलून गाडीच्या डिकीत टाकली, कारण सामान जाईल तिथे तो जातो. तो तसाच मागे आला आणि गाडीत बसला. मैदान वाटेवरच आहे, सकाळची प्रॅक्टिस चालू होती. मी गाडी उभी केली, सगळं सामान कोचच्या पायाशी ठेवलं आणि टेस्टबद्दल जे कळलं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, मग उद्या मी खेळवू कुणाला? मी म्हटलं, ते ठरवणं तुमचं काम आहे, माझं नाही. पण तो ॲरनकडे बघत होता, आणि ॲरनच्या अंगठ्यावरची पट्टी अजून तशीच होती. ते मी पाहिलं. शर्लीला फोन करून कळवलं आहे. पुढचं तिनं ठरवायचं. माझ्याकडून एका पोराला बाहेर काढताना दुसरं पुढे ढकललं गेलं, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

गाडीतून राजस माझ्या नावानं ओरडत होता. ओरडणं मध्येच थांबलं. ॲरन माझ्याआधी पोचला. राजसनं दार उघडून पाय बाहेर काढले होते आणि बुटाची नाडी हातात धरून तो तिच्याकडे बघत बसला होता. ॲरन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळू म्हणाला, ब्रो, से द काउंट. राजस म्हणाला, एक. आम्ही थांबलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला ‘आई’ म्हणाला, आणि पुढचा आकडा आला नाही. ॲरननं त्याचे पाय उचलून आत ठेवले आणि स्वतः मागे त्याला धरून बसला. प्रॅक्टिस, कोच, काही बघितलं नाही त्यानं. मी गाडी हाणली.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की मी हे घरून लिहीत नाही. व्हिटबीपासून त्याच्या डोक्यात उजव्या बाजूला रक्त साठत होतं, थेंब थेंब. डॉक्टरनं स्कॅन दाखवला. ज्याला मी आजार म्हणत होते आणि तू माझी घबराट म्हणत होतास, ते सगळं त्या काळ्यापांढऱ्या चित्रात होतं. ऑपरेशनला थांबून चालणार नव्हतं. तू आकाशात होतास. अनुयाला फोन लावला, तिनं डॉक्टरशी बोलून हो म्हटलं आणि मग मला विचारलं की ताई, हे सगळं मला आज का कळतंय. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही, ते तू द्यायचंस. तीही पुढच्या विमानानं निघते आहे. डॉक्टरांनी मला काही वचन दिलेलं नाही आणि मी तुला देणार नाही. राजस आत आहे. दार बंद आहे, दारावरचा दिवा लागलेला आहे. ॲरन समोरच्या खुर्चीवर बसला आहे, त्याला घरी जा म्हटलं तर जात नाही. हे पत्र अशासाठी लिहिलं की तू इथे पोचल्यावर कॉरिडॉरमध्ये माझ्यावर, कोचवर, त्या पोरावर आवाज चढवू नयेस. काय झालं आणि कसं झालं हे तुला दाराशी येण्याआधी ठाऊक हवं. नंदू तुला घरी नेणार नाही, मैदानावरही नाही. तो गाडी थांबवेल तिथे उतर, आत ये आणि माझ्या शेजारी बस.

तुझीच,
सुनेत्राताई

राजसला आत नेताना नर्सनं त्याच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. त्या मी पिशवीत भरून या पत्राबरोबर नंदूकडे दिल्या आहेत. मोजून घे.

काळा हूडी, पुढून कात्रीनं कापलेला.
जीन्स.
बूट, जोडी. डाव्याची नाडी सुटलेली.
फोन, बंद. चालू करू नकोस, टीमच्या पोरांचे निरोप येत असतील.
डाव्या मनगटावरून काढलेली पांढरी टेप. कालच्या प्रॅक्टिसची असावी. तिच्यावर पेनानं लिहिलं आहे: १, २, २½. अक्षर राजसचं नाही. वेडंवाकडं आहे, उजवा अंगठा मोडलेल्या मुलानं डाव्या हातानं लिहावं तसं.